अॅक्रिलिकच्या पत्र्यास तडा गेल्यास काय करावें ?

सूरजागडाकडे मोहफुलें व मिरच्या वाळविण्यास ज्यांनीं उन्हाची पेटी केली आहे, त्यांपैकीं कांहींच्या पेटीवर अॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा असतो. तो काचेपेक्षां हलका व आघात अधिक सोसणारा. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या खिडक्यांस तो लावीत असत. परंतु त्यास तडा गेला कीं, एप्रिलांतील एका अवकाळी सरीनें पेटींतील फुलें काळीं पडतात, आणि घरांत येणारी रोकड जाते.

तडा बहुधा खिळ्याच्या भोंकापासून निघतो. ४० अंश उष्णतामान वाढलें असतां मीटरभर पत्रा सुमारें पावणेतीन मिलिमीटर लांबतो. खिळा करकचून आवळला असेल, तर त्यास सरकण्यास जागा राहत नाहीं, व तो चिरतो. बांधास सांडवा न ठेविल्यास जें होतें, तेंच येथें होतें.

गतवर्षीं आम्हीं असा पत्रा पेट्रोलानें पुसला. दुसऱ्या दिवशीं त्यावर बारीक चिरांचें जाळें पसरलें व तो टाकून द्यावा लागला. सबब पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट मुळींच लावूं नये. साबणाचें सौम्य पाणी व मऊ फडकें पुरें.

नंतर पत्रा उजेडांत तिरपा धरून तड्याचें टोंक शोधावें. खालीं लांकूड ठेवून तेथें २ ते ३ मिलिमीटरचें भोंक हळूहळू पाडावें. जोर केल्यास पत्रा तापून वितळतो. या गोल भोंकामुळें चीर पुढें धांवत नाहीं. पत्रा पूर्ण वाळल्यावर अॅक्रिलिक जोडण्याचें पातळ द्रावण सुईच्या पिचकारीनें तड्यांत सोडावें. वातींत तेल चढावें तसें तें आपोआप आंत शिरतें. त्याची वाफ अपायकारक आहे. म्हणून हें काम उघड्यावर व विस्तवापासून दूर करावें. एक दिवस पत्रा हलवूं नये. तडा मोठा असल्यास वरून त्याच जातीच्या पत्र्याचें ठिगळ याच द्रावणानें बसवावें, कारण सांधा मूळ पत्र्याइतका बळकट होत नाहीं.

शेवटीं खिळ्यांचीं भोंकें खिळ्यापेक्षां दोन-तीन मिलिमीटर मोठीं करावीं, खालीं रबरी वायसर घालावा, आणि खिळा हातानें बसेल इतकाच आवळावा. हें न केल्यास सांधलेल्या पत्र्यास शेजारींच नवा तडा जाईल. मोहफुलें गळूं लागल्यावर सवड मिळत नाहीं. तरी होळीपूर्वींच पेटीवर पाणी ओतून ती तपासून घ्यावी, अशी आमची बंधूंस विनंति आहे.