पोपटीचा हंगाम आणि हलाल रोजी

रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल पेरतात. हिवाळ्यात शेंगा भरल्या की शेतात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाडे मीठ व ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी भरतात. तोंड पाल्याने बंद करून मडके उलटे ठेवतात व भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवतात. पाणी मुळीच घालत नाहीत. मडक्यावर शिंपडलेले पाणी चर्र होऊन उडाले की पोपटी तयार.

या दावतीमागे कुंभार, शेतकरी, कोंबडीवाला अशा अनेकांची रोजी आहे. आम्ही कापडवाले ईदचा माल आधी भरतो. तसे पोपटी विकणाऱ्या बांधवांनी मडकी आधी सांगून ठेवावीत, शेंगा मात्र त्याच दिवशी तोडलेल्या घ्याव्यात. कोंबडी जबिहाची असावी. शाकाहारी गिऱ्हाइकाचे मडके वेगळे लावावे, कारण एकाच मडक्यात कोंबडीचा रस शेंगांना लागतो. ते लपवून विकणे म्हणजे दगा. गिऱ्हाईक पुढच्या हिवाळ्यात परत येते ते भरवशावर, आणि बरकतही त्यातच आहे.