मोरा बंदरातील गाळ कोणत्या सभेत मांडावा?

उरण शहराचे बंदर म्हणजे मोरा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच येथे लागते. परंतु बंदरात साचलेल्या गाळामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी तिला लागता येत नाही आणि वाहतूक खोळंबते. या गाळाबद्दल नागरिकाने दाद कोठे मागावी? धक्का सागरी मंडळाच्या अखत्यारीत, भोवतालच्या विकासाची सूत्रे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोकडे, शेजारचे न्हावा-शेवा बंदर केंद्राच्या प्राधिकरणाकडे. गटारे, दिवाबत्ती आणि साफसफाई तेवढी नगरपरिषदेकडे. तरीही सामान्य माणसाच्या ओळखीचे दार एकच, ते नगरपरिषदेचे. त्या दाराआड त्याचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था कोणती?

उरण तालुक्यातील ग्रामपंचायतीच्या मतदाराला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते व तीत जमाखर्चाचा जाब विचारता येतो. आपल्या ग्रामसभांचा लौकिक फार उज्ज्वल आहे असे नव्हे. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. तथापि हक्क आहे. शहरवासीयाच्या वाट्याला तोही नीटसा आला नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण ३ लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरत्या. २०११च्या जनगणनेत उरणची वस्ती जेमतेम ३० हजार!

पुढे २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभांची तरतूद केली. लोकसहभागाचा कायदा करणे ही केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतील अनुदानाची एक अट होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अनुदानासाठी केलेला कायदा अनुदानापुरताच जगतो. क्षेत्रसभा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिल्या.

कर-आकारणी किंवा विकास आराखडा यांवर हरकती मागवल्या जातात, हे खरे. पण तेव्हा मसुदा तयार झालेला असतो. नागरिकाला केवळ तक्रारदाराची भूमिका उरते. अर्थसंकल्पाचे तसे नको. कोणत्या गल्लीत पाणी तुंबते, कोणता दिवा महिनोन्‌महिने बंद आहे, ही माहिती रहिवाशाला फुकट उपलब्ध असते. कार्यालयाला ती पैसे खर्चूनही पुरती मिळत नाही. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे सुचवून घेतली, ती याच कारणासाठी. यावर अधिकारी म्हणतील, जकात गेल्यानंतर नगरपरिषदेच्या हाती स्वतःचा पैसा आहेच किती? आक्षेप रास्त आहे. पण मग तो तुटपुंजा आकडाच लोकांपुढे ठेवावा. आकडा न सांगता मागण्या मागवल्या, तर मागण्यांची यादी लांबते आणि रोष वाढतो.

अनेक वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. निवडून आलेल्यांनी अर्थसंकल्पापूर्वी प्रभागवार सभा घ्याव्यात; त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मात्र कोळीवाड्यातील सभा कार्यालयीन वेळेत ठेवणे म्हणजे ती न ठेवण्यासारखेच. होड्या कधी परततात, हे आधी तेथील बायांना विचारावे. मासळीचा व्यवहार त्यांच्याच हाती असतो. गाळाचा विषय नगरपरिषदेच्या कक्षेबाहेरचा म्हणून वगळू नये. सभेने ठराव करावा, नगरपरिषदेने तो सागरी मंडळाकडे धाडावा आणि आलेले उत्तर, किंवा उत्तर आले नाही ही गोष्ट, पुढच्या सभेत वाचून दाखवावी.