आजार कुठल्या ओळीत लिहायचा?

मराठी घरांत मनोविकाराविषयी बोलायला शब्द कमी नाहीत, पण त्यातले बरेचसे झाकपाक करायला आहेत. ‘जरा हळवी होती’, ‘फार विचार करायचा’, ‘बाहेरचं काहीतरी होतं’. ठाणे आणि येरवडा इथे मनोरुग्णालयं आहेत, म्हणून या गावांची नावंच आपण टोमणे मारायला वापरली. असं माणूस गेलं की भिंतीवर फोटो लागतो, श्राद्धाच्या पानात त्याच्या आवडीचा पदार्थ पडतो, पण ज्या आजारासह त्याने निम्मं आयुष्य काढलं त्याचा उच्चार होत नाही. नाहीतर दुसरं टोक गाठलं जातं. त्याचं शिक्षण, गाता गळा, पोरांना गोष्टी सांगण्याची हातोटी सगळं पुसून ‘तो वेडा काका’ एवढीच ओळख उरते. आजार सांगायलाच हवा, मात्र तो माणसाच्या ओळखीची पहिली ओळ होता कामा नये, असं मला वाटतं. हे जमतं का, याचा अंदाज घ्यायला एक डच कुटुंब उपयोगी पडेल. माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणलेल्या आयर्विंग स्टोनच्या पुस्तकामुळे ते आपल्याला तसं अनोळखी नाही.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग २९ जुलै १८९० रोजी गेला. सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओही गेला. थिओची तरुण विधवा योहाना हिच्याकडे उरलं तान्हं मूल, कुणी विचारत नसलेली शेकडो चित्रं आणि थिओने जपलेली पत्रांची चळत. कान कापून घेणारा, मनोरुग्णालयात राहिलेला चित्रकार ही गोष्ट तेव्हाही खपली असती. योहानाने घाई केली नाही. आधी प्रदर्शनं भरवली. १९०५ साली ॲमस्टरडॅममध्ये साडेचारशेहून अधिक कलाकृती मांडल्या. पत्रं छापली ती १९१४ साली, मृत्यूनंतर तब्बल चोवीस वर्षांनी. काम ओळखलं जाण्याआधी माणसाविषयी कुतूहल चाळवणं हा मृतावर अन्याय ठरेल, असं तिने प्रस्तावनेत नोंदवलं आहे. तिने आजार गाळला नाही, फक्त रांगेत मागे उभा केला. त्यामुळेच पत्रांतला आजार वाचताना त्याचं कौतुक करण्याचा मोह होत नाही. सँ-रेमीच्या रुग्णालयातल्या एका वर्षात व्हिन्सेंटने सुमारे दीडशे चित्रं रंगवली, पण झटक्यांच्या काळात त्याचं काम बहुतेक ठप्पच व्हायचं. वेडातून प्रतिभा येते म्हणणाऱ्यांनी ही पत्रं जरा सावकाश वाचावीत.

पण याच कुटुंबात दुसरं स्मरणही आहे, आणि ते इतकं नेटकं नाही. खुद्द योहानाने थिओची नाजूक प्रकृती खचली एवढंच सांगितलं. तो उट्रेख्टच्या मनोरुग्णालयात गेला आणि त्याला सिफिलिसमुळे होणारा मेंदूचा विकार असल्याचं निदान होतं, हे जगाला पुढे रुग्णालयाच्या कागदांवरून कळलं. दिराबद्दल जे धैर्य दाखवलं ते नवऱ्याबद्दल तिला झालं नाही. दोष द्यावा असं यात काही नाही. व्हिन्सेंट आणि थिओची धाकटी बहीण विल हिच्या वाट्याला तर जवळजवळ शांतताच आली. १८९८ साली हेगमध्ये भरलेल्या स्त्रियांच्या कामाच्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी ती राबली होती. १९०२ च्या डिसेंबरात, चाळिशीत, तिला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९४१ साली ती तिथेच वारली. अडतीस वर्षं! भावाची पत्रं छापून तो जगभर पोहोचला, तेव्हाही ती त्या भिंतींच्या आत होती.

घरातला आजार सांगावा म्हटलं, की आपल्याकडचा पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळं उघड केलं तर घरातल्या मुलामुलींची लग्नं कशी जमायची? भीती खोटी नाही. स्किझोफ्रेनियाचंच बघा. सर्वसाधारणपणे तो आयुष्यात शंभरातल्या एखाद्याला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर धोका शंभरात दहाच्या आसपास जातो. पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमीच आहे. म्हणजे रक्तातून कल येतो, भविष्य लिहून येत नाही. आणि लपवण्याची किंमत पुढची पिढीच मोजते. विशीतल्या पोराची झोप उडाली, तो संशय घेऊ लागला, तर डॉक्टर विचारतात, ‘घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का?’ त्या वेळी ‘आत्या जरा हळवी होती’ या उत्तराचा काही उपयोग नसतो. आत्याला कोणता आजार होता, कोणत्या औषधाने बरं वाटलं, हे ठाऊक असेल तर उपचाराची दिशा लवकर सापडू शकते. शिवाय लपवणारं घर आपल्याला वाटतं तितकं एकटं नसतं. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत साधारण सात प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी मनोविकार झाल्याचं आढळलं. चहा-पोहे घेऊन चौकशा करणारं पलीकडचं कुटुंबही बहुधा काही झाकूनच बसलेलं असतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही. जिवंतपणी रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तो स्पष्ट लिहिला आहे. मग मेल्यावर नातेवाइकांनी तोंड उघडावं का? घरात सांगणं आणि चारचौघांत सांगणं यांत फरक करावा लागेल. नातवंडांना खरं नाव कळायला हवं. शोकसभेत निदानपत्र वाचायची गरज नाही. झटक्याच्या भरात केलेली शिवीगाळ, रस्त्यावरचे प्रसंग, बांधून ठेवल्याच्या कथा यांनी ऐकणाऱ्याचं कुतूहल भागतं, माणूस काही कळत नाही. त्याऐवजी बरं वाटत होतं त्या दिवसांत तो काय करायचा, ते तपशिलाने सांगावं. असे दिवस बहुतेकांच्या वाट्याला पुष्कळ येतात, आणि नेमके तेच विसरले जातात.

विलच्या बाबतीत असा एक तपशील उरला आहे, तोही भावामुळेच. १८८८ च्या नोव्हेंबरात, स्वतःच्या पहिल्या मोठ्या झटक्याच्या महिनाभर आधी, व्हिन्सेंटने आर्लमध्ये एटनमधल्या घरच्या जुन्या बागेचं चित्र आठवणीतून रंगवलं आणि पत्रात बहिणीला त्याचं वर्णन कळवलं. बागेत दोन बायका चालताहेत. त्या तू आणि आई आहात असं समज, असं त्याने सुचवलं. हुबेहूब चेहरे काढायचा त्याचा आग्रहच नव्हता. नारिंगी-हिरव्या चौकटींची शाल, मागे सायप्रसचा गडद हिरवा आणि एक लाल छत्री, एवढ्यात त्याला विल दिसत होती.