वनस्पतींची नावे आणि अरण्यांचे रक्षण

उष्ण कटिबंधातील अरण्यांचे रक्षण हा विषय सामान्यतः वनस्पतिशास्त्राचा व वनव्यवस्थेचा मानला जातो. भाषाभ्यासाशी त्याचा संबंध किती निकट आहे, हे फिलिपाइन्समधील मिंदोरो बेटावरील हानुनोओ लोकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

हॅरोल्ड कॉन्क्लिन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने हानुनोओ भाषा आत्मसात करून या लोकांचे वनस्पतिज्ञान संगृहीत केले. ज्या वनस्पतींची विभागणी शास्त्रज्ञ १३०० हून कमी जातींत करतात, त्यांचेच १८०० हून अधिक प्रकार हे लोक मानतात, असे त्याने १९६२ साली नमूद केले. हा फरक अज्ञानमूलक नव्हे. शास्त्रज्ञ ज्यास एकच जाती म्हणतो, तिच्यातील अनेक वाण हानुनोओ शेतकरी स्वतंत्र नावांनी ओळखतो. मिरची मूळची अमेरिकेतील. तरी तिचे वाणही या वर्गीकरणात व्यवस्थित बसले आहेत. असे ज्ञान नव्याचा स्वीकार करीत वाढत असते, हे यावरून दिसते.

अरण्याशी या ज्ञानाचा संबंध येतो तो फिरत्या शेतीतून. कोकणात जिला कुमरी म्हणत, तशीच ही पद्धती: झाडी तोडून जाळावयाची, काही वर्षे पीक घ्यावयाचे आणि मग जमीन पडीक सोडावयाची. जंगलनाशाचे खापर पुष्कळदा हिच्यावर फोडले जाते. कॉन्क्लिनच्या नोंदी मात्र निराळे सांगतात. १९५३ साली यागाव येथील ४८ नव्या शेतांपैकी अवघ्या ४ शेतांसाठी मूळ अरण्य, तेही काही ठिकाणी अंशतःच, तोडले गेले. आग पसरू नये म्हणून शेताभोवती जाळरेषा काढली जाई. पडीक जमिनीवरील झाडी पुरेशी वाढली की नाही, हे ठरविण्यास तिच्यातील वनस्पती ओळखाव्या लागतात. आणि ही ओळख पुढच्या पिढीकडे जाते ती नावांच्या द्वारे.

२०२१ साली कामारा-लेरेट व बास्कोम्प्ते या संशोधकांनी उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन व न्यू गिनी येथील २३६ भाषांतून नोंदलेले १२,४९५ औषधी उपयोग तपासले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उपयोग प्रत्येकी एकाच भाषेत ज्ञात होते. पहिल्या दोन प्रदेशांत हे ज्ञान बहुतांशी लोप पावू लागलेल्या भाषांत आहे. त्या वनस्पतींपैकी मात्र फारच थोड्या संकटग्रस्त म्हणून नोंदल्या आहेत.

याचा अर्थ असा की, वृक्ष उभा असतानाच त्याचा उपयोग सांगणारा शब्द नाहीसा होऊ शकतो. नावांची सूची केल्याने शब्द जतन होतील. परंतु त्यांचा व्यवहार टिकावयाचा, तर ती भाषा बोलणारी माणसे त्या अरण्यात राहिली पाहिजेत. रक्षणासाठी अरण्य राखीव करून त्यांना तेथून हलविणे म्हणजे अरण्याच्या जाणकारांनाच गमावणे होय.