सतार : वाद्य आणि वेश

'साठोत्तरी' हा शब्द आपण मराठीत १९६० नंतरच्या बंडखोर लेखनासाठी वापरतो. त्याच दशकात ब्रिटन-अमेरिकेतील तरुणांनी उभी केलेली प्रतिसंस्कृती पुस्तकांपेक्षा गाणे आणि पोशाख यांतून अधिक बोलत होती. लांब केस, मण्यांच्या माळा, सैल कुडते हे सारे कोट-टायच्या नोकरदार जगाला दिलेले उत्तर होते. या उत्तरात एक भारतीय वाद्यही सामील झाले. सतारीचे तिथे काय झाले हे पाहिले, तर त्या चळवळीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

डिसेंबर १९६५ मध्ये निघालेल्या बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली. पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या 'पेंट इट ब्लॅक'मध्ये ती ऐकू आली आणि 'रागा रॉक' हे नाव प्रचारात आले. मात्र या गाण्यांत सतारीचा उपयोग मुख्यतः नादाच्या रंगापुरता होता. तिचा प्राण मिंडेत असतो. पडद्यावरची तार खेचून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड जायचे आणि तरफांनी त्याला साथ द्यायची, हे साधण्यास वर्षे लागतात. माळ काय, कोणत्याही संध्याकाळी गळ्यात घालता येते.

हॅरिसनला हे उमगले असावे. सप्टेंबर १९६६ मध्ये तो मुंबईस येऊन पंडित रविशंकरांकडे शिकला. त्याच वर्षीच्या 'रिव्हॉल्व्हर' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापले गेले. १९६७ च्या 'विदिन यू विदाउट यू'मधील भारतीय वादकांना मात्र वेष्टनावर स्थान मिळाले नाही. नाद हवा, पण वादक अनामिक, ही वेशाचीच रीत होय.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी महोत्सवात श्रोत्यांनी रविशंकरांना दीर्घकाळ मन लावून ऐकले. त्याच महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली. बंडखोराच्या लेखी वाद्य ही एक वस्तू होती आणि ती जाळणे हा निषेधाचा आविष्कार ठरत होता. वाद्याला वंदन करणाऱ्या परंपरेतील रविशंकरांना ते असह्य झाले. आपले संगीत अमली पदार्थांशी जोडले जाणेही त्यांना मान्य नव्हते.

पुढे हॅरिसन गिटारीकडे परतला, पण गुरूशी असलेले नाते टिकले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी झालेल्या कार्यक्रमांमागे हेच नाते होते.

साठोत्तरी मराठी लेखकांवरील पाश्चात्त्य प्रभाव शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे. प्रभाव कोठून आला, एवढ्याने प्रश्न संपत नाही. घेणाऱ्याने केवळ रंग घेतला की त्यामागची मेहनतही पत्करली, हे प्रत्येक कृतीपुरते वेगळे तपासावे लागते.