सिक्स सिलिंडरला सायलेन्सर एक की दोन? (आणि माझी एक चूक)

भाग ऐकताना आकडे निसटून जातात, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. म्हणून या भागाचं हे लिखित रूप, थोडं साफसूफ करून.

सुरुवात एका श्रोत्याच्या मेसेजपासून. मूळचा नाशिकचा, सध्या अमेरिकेत नोकरी. त्याने २००८ ची सेकंडहँड फोर्ड मस्टँग घेतलीय, व्ही-सिक्स इंजिनवाली. तिला मागे एकच सायलेन्सर आहे. तो विचारतो, "दादा, ड्युअल एक्झॉस्ट टाकला तर पॉवर किती वाढेल? दोन महिने पैसे साठवलेत. मित्र म्हणतो, २०११ च्या मस्टँगला कंपनीनेच दोन पाइप दिले आणि पॉवर २१० वरून ३०५ एचपी झाली!"

आकडे अगदी बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकलाय.

९५ एचपी कुठून आली?

२०१० पर्यंतच्या त्या व्ही-सिक्स मस्टँगमध्ये ४.० लिटरचं जुन्या घडणीचं इंजिन होतं. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण १२. २०११ मध्ये फोर्डने ते काढून ३.७ लिटरचं पूर्ण नवं इंजिन बसवलं. त्यात २४ व्हॉल्व्ह, प्रत्येक बाजूला दोन कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हचं टायमिंग चालू गाडीत बदलणारी यंत्रणा. दोन पाइप त्याच्याबरोबर आले. म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत, एकाच रिलीजमध्ये पन्नास बदल केले आणि श्रेय मात्र नवीन आयकॉनला दिलं!

पाइपमध्ये नक्की काय चालतं?

धूर पाइपमधून नळाच्या पाण्यासारखा एकसारखा वाहत नाही. तो धक्क्या-धक्क्याने येतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. सहा सिलिंडर म्हणजे ७२० अंशांत सहा धक्के, दर १२० अंशांना एक.

आता मजा बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण २४० अंश किंवा थोडा जास्तच उघडा असतो. सहाही सिलिंडर इंजिनाजवळच एका आखूड नळीत सोडले, तर एकाचा व्हॉल्व्ह अजून बंद व्हायचा असतानाच दुसऱ्याचा जोरदार धक्का त्याच्या दारात येऊन आदळतो. जळलेला वायू परत आत ढकलला जातो आणि ताज्या हवेची जागा खातो.

यावर उपाय म्हणजे तीन-तीनचे दोन गट. इनलाइन सिक्समध्ये पेटण्याचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४ असतो. नीट बघा: पुढच्या तिघांतला एक, मागच्या तिघांतला एक, पुन्हा पुढचा, पुन्हा मागचा. त्यामुळे १-२-३ एका नळीत आणि ४-५-६ दुसऱ्या नळीत सोडले, की प्रत्येक नळीत धक्के बरोबर २४० अंशांच्या अंतराने येतात. कोणी कोणाच्या पायात येत नाही. जॅग्वारच्या जुन्या सिक्स सिलिंडर ई-टाइपला म्हणूनच तीन-तीनचे दोन मॅनिफोल्ड होते. बीएमडब्ल्यूच्या एन५५ इंजिनात टर्बो एकच असला, तरी हे दोन गट टर्बोच्या तोंडापर्यंत वेगळे ठेवलेत.

आणि व्ही-सिक्स? तिथे तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे. मस्टँगच्या दोन्ही इंजिनांत क्रम १-४-२-५-३-६, म्हणजे डावं-उजवं आलटून-पालटून. वाटणी जन्मापासूनच झालेली आहे. तेव्हा आपल्या मित्राच्या गाडीत हा फायदा आधीच मिळतोय. त्याचा एक पाइप पुढे, दोन्ही बाजू स्वतंत्र खाली उतरून आल्यावर सुरू होतो. त्याचा प्रश्न एवढाच उरतो: त्या जोडानंतरचा रस्ता अरुंद आहे का?

थोडं गणित

पाइपची क्षमता व्यासाच्या वर्गावर ठरते. म्हणून फक्त वर्ग करून तुलना करू:

- अडीच इंची एक पाइप: ६.२५
- दोन इंची दोन पाइप: ८
- तीन इंची एक पाइप: ९
- अडीच इंची दोन पाइप: १२.५

म्हणजे तीन इंची एकटा पाइप दोन इंची जोडीपेक्षा मोठा आहे! वजन कमी, वेल्डिंग कमी, गंजायला जागाही कमी. "दोन म्हणजे जास्त" हे डोळ्यांना पटतं, हिशोबात दर वेळी बसत नाही.

आता वेग. ४ लिटरचं इंजिन ५००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त १०,००० लिटर हवा ओढतं. तापल्यावर ती दोन-तीन पट फुगते. ढोबळमानाने अडीच इंची पाइपमध्ये वायूचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातो. घर्षणाने होणारा दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तसाच दुसरा पाइप जोडला तर वेग निम्मा आणि तोटा साधारण चौथा हिस्सा. ऐकायला भारी वाटतं ना?

पण हे सगळं फुल थ्रॉटलला आणि वरच्या आरपीएमला. रोज ऑफिसला जाताना इंजिन २००० आरपीएमला अर्धवट थ्रॉटलवर चालतं. तेव्हा वायू इतका कमी असतो, की तोटा आधीच किरकोळ. किरकोळचा चौथा हिस्सा वाचवून काय हाती लागणार?

माझी चूक

मागच्या एका भागात मी ठोकून दिलं होतं, की "इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर टॉर्क जातो." मी ते कॉलेजात ऐकलं होतं आणि कधीच तपासलं नव्हतं. ते चुकीचं आहे. धूर बाहेर ढकलायला लागलेला जोर इंजिनाच्या कामाचा नसतो.

मग मोठे पाइप टाकल्यावर कधीकधी खालचा टॉर्क कमी का होतो? कारण धक्क्याबरोबर पाइपमधून दाबाची लाट धावते. पाइप जिथे एकदम रुंद होतो, तिथून कमी दाबाची लाट उलटी परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती सिलिंडरला पोहोचली, तर उरलेला वायू खेचून घेते. इंजिनाजवळच्या नळ्यांची लांबी-रुंदी बदलली, की लाटेची वेळ चुकते आणि ही फुकटची मदत जाते. आपण गमावतो ती लाट. माझ्या बोलण्यावरून कोणी खर्च केला असेल, तर मनापासून माफी.

आणि आवाज?

३००० आरपीएमला एकत्र पाइपमधून सेकंदाला १५० धक्के बाहेर पडतात. पूर्ण वेगळे दोन पाइप असतील तर प्रत्येकातून ७५. म्हणून आवाज जाड आणि खरखरीत होतो. मध्ये जोडनळी टाकली, की पुन्हा गुळगुळीत. आवाज बदलला की गाडी पळायला लागली असं वाटतं. वाटतं हं! काही गाड्यांत तर पाइप शेवटपर्यंत एकच असतो, फक्त सायलेन्सरला दोन तोंडं. खाली वाकून बघा, दोन मिनिटांत कळेल.

मग पैसे कुठे घालायचे?

आम्ही प्रोग्रॅम हळू चालला, की आधी मोजतो, मग कोड बदलतो. इथेही तेच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी तात्पुरता प्रेशर गेज लावून फुल थ्रॉटलला दाब बघायचा. दाब थोडाच असेल तर दुसऱ्या पाइपला कामच उरलेलं नाही. जास्त असेल तर अडथळा शोधा: तुंबलेला कन्व्हर्टर, चेपलेला पाइप, की कोंदट सायलेन्सर. बऱ्याचदा एकच चांगला, रुंद पाइप पुरतो. मात्र कन्व्हर्टर काढायचा नाही. अमेरिकेत तो कायद्याने गुन्हा आहे.

आपल्याकडच्या मंडळींना एक सूचना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. त्यामुळे कर्कश सायलेन्सरच्या नादाला लागून दंड भरू नका. तसंही आपल्या बहुतेक गाड्या तीन-चार सिलिंडरच्या. तिथे दुसरा पाइप म्हणजे निव्वळ दागिना.

तर नाशिककर मित्रा, आवाजासाठी ड्युअल टाकायचा असेल तर खुशाल टाक. हौसेला मोल नसतं. पण त्या ९५ एचपीसाठी टाकणार असशील, तर थांब. आधी मोजून घे आणि आकडा मला पाठव. पुढच्या भागात वाचून दाखवतो, माझं म्हणणं पुन्हा चुकीचं निघालं तरी!