मोहरीचा दाणा, तुतीचे झाड

फोडणीत तडतडते तीच मोहरी. दाणा जेमतेम १ ते २ मिलिमीटर. बायबलमध्ये तिचे दोन वेगळे दाखले आहेत. अभ्यासवर्गात गल्लत होते ती इथेच.

विश्वासाचा दाखला : मत्तय १७:२०. दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलतो. लूक १७:६ मध्ये मात्र डोंगर नाही. तिथे तुतीचे झाड मुळासकट उपटून समुद्रात जाते.

तुती बीड जिल्ह्याला नवखी नाही. इथले शेतकरी रेशीमकोषांसाठी ती लावतात, पाला अळ्यांना घालतात. पण ती छाटून झुडपाएवढीच ठेवलेली. लूकमधले झाड मात्र काळ्या तुतीचे मानतात.

राज्याचा दाखला : मत्तय १३:३१-३२, मार्क ४:३०-३२, लूक १३:१८-१९. विषय विश्वास नव्हे, देवाच्या राज्याची वाढ. दाणा इवलासा, तरी काळी मोहरी दोन-तीन मीटर वाढू शकते.

या दाखल्यांचे मराठी पाठ : विल्यम केरी यांचा नवा करार १८११ मध्ये सेरामपूरला छापला गेला, तोही मोडी लिपीत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून थेट मराठीत आणलेले संपूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमधून १९२४ मध्ये निघाले. रमाबाई १९२२ मध्येच वारल्या होत्या.